सूचनाबाईची कापलेली ओळ

त्या रस्त्यावर तिला नावाने कुणीच हाक मारत नसे. सगळे तिला सूचनाबाई म्हणत आणि म्हणताना बहुतेकांच्या कपाळावर आठी असे. सात महिन्यांपूर्वी जुने गंजलेले नळ काढून नवी मोठी जलवाहिनी घालायचं काम सुरू झालं, तेव्हा पाणीखात्याने ठरवलं की रस्त्यावरच्या लोकांना काय चाललंय ते वेळच्या वेळी कळलं पाहिजे. ठरवायला काय जातं? ठरवणारे गाडीत बसून निघून गेले आणि कळवायचं काम हिच्या गळ्यात पडलं. त्याआधी ती चपलांच्या कारखान्यात कामगारांची हजेरी मांडायची. कारखाना बंद पडला, वर्षभर घरात बसून जीव नुसता आंबून गेला, म्हणून ही नोकरी लागल्यावर तिला खरोखर आनंद झाला होता. लोकांना खरं काय ते वेळेवर सांगायचं, एवढंच तर काम, यात अवघड ते काय, असं तिला पहिल्या दिवशी वाटलं होतं. तो दिवस आठवला की आता तिला स्वतःचाच राग येई.

तिचं ऑफिस म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावर आणून ठेवलेली पत्र्याची खोली. आत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर नकाशा, कोपऱ्यात मुकादमाच्या माणसांचे चिखलाने भरलेले गमबूट, आणि सगळ्यावर धुळीचा एक थर, जो सकाळी पुसला की दुपारी पुन्हा हजर. दोन खुर्च्यांपैकी एक डुगडुगायची. ती तक्रार घेऊन येणाऱ्यासाठी होती. तिने ती मुद्दाम तिथे ठेवली नव्हती, पण बदलूनही घेतली नव्हती.

त्या खुर्चीला उसंत नसे. लाँड्रीवाला रोज येई, कारण त्याच्या दुकानासमोरच्या चरावर टाकलेली फळी रोज कुणीतरी हलवलेली असे आणि ती कुणी हलवली हे सूचनाबाईला माहीत असलंच पाहिजे, अशी त्याची पक्की समजूत होती. वकील आजोबा एक दिवसाआड येत. त्यांनी वकिली सोडून पंधरा वर्षं झाली होती, पण वकिलीने त्यांना सोडलं नव्हतं. ते प्रत्येक तक्रार तीन प्रतींत आणत आणि तिन्हींवर पोच मागत. तिसऱ्या मजल्यावरची बाई खाली यायचे कष्टच घेत नसे, ती खिडकीतून ओरडून विचारी. हे सगळे पाण्याच्या नावाने जे काय बोलायचं ते हिला बोलून घेत. हिने ना खोदलं होतं, ना पाणी बंद केलं होतं, पण ज्यांनी खोदलं ते कामाभोवतीच्या पत्र्याआड आणि बंद करणारे ऑफिसात. तोंडासमोर सापडे ती हीच.

आणि पत्रकं? ती घरोघर वाटायची एकशे अठरा पत्रकं. कुणी कपाटाच्या खणात अंथरली, कुणी डगमगणाऱ्या टेबलाखाली घडी करून घातली, कुणाच्या मुलांनी त्यांची विमानं केली. एका गृहस्थाने तर त्याच पत्रकाने चष्म्याची काच पुसत तिला ऐकवलं होतं, की पाणी कधी जाणार ते आम्हाला कुणी सांगतच नाही. तिने तेव्हा मनात शंभरापर्यंत आकडे मोजले.

पण खरं सांगायचं तर लोकांचं तरी सगळंच चुकत होतं असं नाही. त्या पत्रकांत वाचण्यासारखं काही उरतच नसे. ती आपल्या हाताने सरळ लिही: उद्या सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा. तो कागद साहेबांकडे जाई. साहेब म्हणजे या कामावरचे इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता. कुणावर आवाज चढवत नसे, कुणाच्या पोटावर पाय देत नसे. त्यांना फक्त प्रश्नांची भीती वाटे, आणि ज्या वाक्यातून प्रश्न निघेल ते वाक्य त्यांच्या लाल पेनाखालून जिवंत सुटत नसे. कागद परत येई तो असा: तांत्रिक कारणास्तव उद्या पाणीपुरवठा काही काळ खंडित होण्याची शक्यता आहे, नागरिकांनी सहकार्य करावे. मुकादम स्वतःच्या हाताने झडप बंद करणार, मग शक्यता कसली, असं तिने एकदा विचारलं. साहेब शांतपणे म्हणाले की नऊ लिहिलं आणि सव्वानऊ झाले तर लोक धरतात, शक्यता लिहिलं की आपण मोकळे.

तिच्या सासूबाईंचे डोळे अधू होते, म्हणून संध्याकाळी घरी गेल्यावर ती त्यांना छापील पत्रक वाचून दाखवी. मागच्याच गल्लीत, त्याच पाण्यावरचं दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत सासूबाईंची खाट, खाटेखाली पाण्याच्या दोन बादल्या. नवरा लांबच्या गाड्या चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर, त्यामुळे घरात बोलायला या दोघीच. सासूबाई पत्रक शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग म्हणत, "ते सगळं राहू दे. मी बादली भरू की नको, तेवढं सांग." ती सांगे, भरा. एकशे अठरा घरांतल्या एकालाही ती इतकं सरळ सांगू शकत नसे.

त्या अख्ख्या रस्त्यावर पत्रक वाचणारा एकच माणूस होता, घड्याळवाले काका.

त्यांचं दुकान दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढंच. तीन बाजूंना घड्याळं, आणि ती सगळी एकच वेळ दाखवत, कारण दुरुस्त झालेल्या घड्याळाशिवाय दुसरं घड्याळ त्यांना भिंतीवर खपतच नसे. तिने दिलेलं पत्रक ते तिच्यासमोरच डोळ्याला भिंग लावून पहिल्या अक्षरापासून खालच्या तारखेपर्यंत वाचत आणि मग खिळ्याला अडकवलेल्या चिमट्यात लावून ठेवत. सात महिन्यांची सगळी पत्रकं त्या चिमट्यात ओळीने होती. त्यात लिहिलं असेल तसंच ते वागत. खिडक्या बंद ठेवाव्यात म्हटलं की बंद, दुचाकी पलीकडे लावावी म्हटलं की पलीकडे. इतक्या दिवसांत त्यांनी एकही तक्रार केली नव्हती. दिवसभर बोलणी खाऊन डोकं भणाणलं की ती त्यांच्या दुकानाच्या पायरीवर पाच मिनिटं टेकत असे.

तिथे म्हातारीही होती. म्हातारी म्हणजे नारिंगी रंगाचा, तळहाताएवढा मासा, एक डोळा जरा पांढुरका झालेला. बारा वर्षांपूर्वी काकांच्या बायकोने ती पाण्याच्या पिशवीतून आणली होती. बायको जाऊन पाच वर्षं झाली, म्हातारी मात्र काऊंटरवरच्या काचेच्या टाकीत गोल गोल फिरत राहिली. काका दर गुरुवारी टाकीतलं निम्मं पाणी बदलत, आणि त्यासाठी दोन बादल्या आदल्या दिवशीच भरून उघड्या ठेवत, म्हणजे पाण्यातला औषधाचा वास उडून जाई. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते तिच्याशी बोलत. हे तिने एकदा दारातून ऐकलं होतं आणि ऐकलंच नाही असं दाखवलं होतं.

काम सुरू झालं त्याच महिन्यात काकांनी तिला थांबवून विचारलं होतं. "ताई, एकच सांगायचं होतं. पाण्यात काही घालणार असाल, तर मला आधी कळवाल का?"

"नक्की कळवीन, काका."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

नवी वाहिनी तयार झाली तेव्हा मुकादमाने तिला समजावून सांगितलं. नव्या नळांत आधी कडक क्लोरीनचं पाणी भरून ठेवतात, मग ते सोडून देतात आणि नंतरच घराघरात पाणी देतात. पहिले दोन-तीन दिवस औषधाचा अंश नेहमीपेक्षा जास्त राहतो. माणसाला काही होत नाही, नुसता वास येतो. पण मागच्या कामावर कुणाचे तरी मासे गेले होते, असं तो सहज बोलून गेला. ती तशीच टेबलाशी बसली आणि पत्रक लिहिलं. त्यात एक ओळ ठळक अक्षरांत घातली: नव्या नळाचं पाणी रविवारपर्यंत माशांच्या टाकीत घालू नका.

साहेबांचं लाल पेन त्याच ओळीवर थांबलं. मासे मरतात असं वाचल्यावर लोक ते पाणी पितील का, असं त्यांनी विचारलं. माणसाला धोका नाही हेही खाली लिहिलंय, ती म्हणाली. "ते कुणाच्या लक्षात राहणार नाही, मासे राहतील," साहेब म्हणाले आणि ओळ आडवी कापली. वर आपल्या दोन घातल्या. घरातील साठवलेले पाणी टाकून द्यावे. नळ पंधरा मिनिटे सोडून ठेवल्यानंतर पाणी सर्व प्रकारच्या वापरास योग्य राहील.

तिने तरी हट्ट धरला. रस्त्यावर एका दुकानात मासा आहे, हे तिने सांगितलं.

"एकच ना? मग त्यांना तोंडी सांगा की," साहेब म्हणाले.

हे तिला पटलं. न पटण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

बुधवारी ती पत्रकं वाटायला निघाली. काकांचं दुकान एक ते चार बंद असे आणि ती तिथे पोचली तेव्हा दीड वाजला होता. तिने पत्रक शटरखालून आत सरकवलं आणि चारला येऊन सांगायचं ठरवलं. चार वाजता लाँड्रीवाल्यासमोरची फळी पुन्हा कुणीतरी हलवलेली होती, त्याच्या गिऱ्हाईक बाईचा पाय घसरला होता आणि तिची एक चप्पल चरात गेली होती. बाई सुखरूप होती, पण तिचा आणि लाँड्रीवाल्याचा आवाज रस्त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जात होता. वकील आजोबा वही घेऊन जबाब लिहायला खाली उतरले. चप्पल काढायला मुकादमाचा माणूस चरात उतरवावा लागला. चप्पल निघाली तर बाई म्हणाली ही माझी नव्हेच. या सगळ्यात सात वाजले आणि सूचनाबाईच्या अंगातलं त्राण गेलं.

घरी जाताना काका दुकानाचं शटर ओढताना दिसले. रस्त्याच्या पलीकडून त्यांनी पत्रक हातात धरून वर केलं. "मिळालं हो, ताई. घरी जाऊन नीट वाचतो."

"वाचा, काका," ती चालता चालताच म्हणाली. "सगळं लिहिलंय त्यात."

तिने लिहिलं होतं ना. स्वतःच्या हाताने, ठळक अक्षरांत. थकलेल्या डोक्यात ती ओळ अजून होती तिथेच होती.

गुरुवारी सकाळी दहाला पाणी आलं. आलं ते असं आलं की तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने खिडकीतून भरलेला तांब्या उंच धरून दाखवला. लाँड्रीवाला स्वतः चहा घेऊन आला आणि डुगडुगत्या खुर्चीवर बसून एकही तक्रार न करता परत गेला. पत्रकात काय लिहिलंय ते नेहमीप्रमाणे तिला भेटलेल्यांपैकी कुणी वाचलं नव्हतंच. कुणी साठवलेलं पाणी टाकलं नाही, कुणी पंधरा मिनिटं मोजली नाहीत. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण काहीतरी बरं काम केलं. संध्याकाळी सासूबाईंनी विचारायच्या आतच तिने त्यांना सांगितलं की आता बादल्या भरायची गरज नाही.

शुक्रवारी सकाळी काकांचं शटर अर्धंच वर होतं. ती वाकून आत गेली.

टाकी रिकामी नव्हती, पाणी काठोकाठ आणि स्वच्छ होतं, पण त्यात कुणी फिरत नव्हतं. काऊंटरवर एक पांढरं ताट होतं आणि ते काचा पुसायच्या पिवळ्या फडक्याने झाकलेलं होतं. काका स्टुलावर बसले होते. चिमटा खिळ्यावरून काढून त्यांनी मांडीवर घेतला होता आणि वरचंच पत्रक भिंगातून बघत होते. तिला पाहून त्यांनी भिंग बाजूला केलं.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "माझं कुठे चुकलं ते जरा बघता का?"

त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ दाखवली. साठवलेलं पाणी टाका म्हटलं होतं, म्हणून त्यांनी दोन्ही बादल्या ओतून दिल्या. नळ पंधरा मिनिटं सोडा म्हटलं होतं, तो त्यांनी घड्याळ लावून सोडला, एक सेकंद कमी नाही. मग पाणी सर्व प्रकारच्या वापरास योग्य. काल गुरुवार. निम्मी टाकी त्यांनी नेहमीसारखीच उपसली होती आणि भरली होती. बोट 'सर्व' या शब्दाखाली थांबलं आणि तिथून हलेना.

ती काऊंटरशी आली.

"तुमचं काही चुकलं नाही, काका. मी लिहिलं होतं, टाकीत घालू नका म्हणून. वरून ती ओळ कापली."

"कापली, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

तिने तोंड उघडलं. फळी होती, चप्पल होती, एकशे अठरा घरं होती, दीड वाजता बंद असलेलं शटर होतं. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही त्या ताटासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

"विसरले," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. ते चिडले असते, तिला ओरडले असते, तर तिला सोसलं असतं. ओरडून घ्यायची तिला सवय होती. "मी सगळं वाचतो हो," ते हळूच म्हणाले. "म्हणून विचारलं."

तिथून ती तडक साहेबांकडे गेली. जाताना तिच्या मनात सगळा राग साहेबांवर होता, पण अर्ध्या वाटेत त्यातला बराचसा स्वतःवर येऊन बसला. ओळ साहेबांनी कापली होती, शब्द तिने दिला होता. साहेबांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, आपण एक पत्रक काढू, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत असं. गैरसोय झालेली नाही, जीव गेलाय, ती म्हणाली. मग तिने विचारलं की रविवारला अजून दोन दिवस आहेत, दुसऱ्या कुणाकडे मासे असले तर? आज तरी ती ओळ छापू या.

"आता तर मुळीच नाही, बाई. आता छापली की कबूल केल्यासारखं होतं."

ती पत्र्याच्या खोलीत परत आली. भिंतीवरचा जुना नकाशा आता उपयोगाचा नव्हता, तो तिने काढला, उलटा केला आणि जाड पेनाने लिहायला घेतलं. लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सात महिन्यांत पहिल्यांदाच कागद कुणाकडे पाठवायचा नव्हता. मग ती बाहेर जाऊन तो रस्त्याच्या बाजूच्या पत्र्यावर चिकटवून आली.

नव्या नळाच्या पाण्यात औषध जास्त आहे. माणसांना धोका नाही. रविवारपर्यंत हे पाणी माशांच्या टाकीत घालू नका. ही ओळ बुधवारच्या पत्रकात होती, ती कापली गेली. मला ते माहीत होतं. घड्याळवाल्या काकांना तोंडी सांगायचं मी कबूल केलं होतं आणि विसरले. त्यांची म्हातारी गेली. चूक माझी आहे. खाली तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, जे रस्त्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं.

तासाभरात तिथे वीस-पंचवीस माणसं जमली. आणि गंमत बघा, सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचलं. सात महिने ही बाई घसा कोरडा करत होती तेव्हा कुणाला अक्षर बघायला सवड नव्हती. आज कुणाची तरी चूक लिहिलेली आहे म्हटल्यावर माना वर करून वाचत होते. तिला त्यांची चीड आली. मग तिसऱ्या मजल्यावरची बाई, जी कधी खाली उतरत नसे, गर्दीतून वाट काढत धावतच घरी गेली, कारण तिच्या मुलीच्या खोलीत एक काचेचं भांडं होतं. ती वेळेवर पोचली, हे नंतर कळलं. वकील आजोबांनी कागद दोनदा वाचला आणि सूचनाबाईला बाजूला घेऊन म्हणाले की तुम्ही स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलात, असं कुणी लेखी देतं का. पोच मात्र त्यांनी मागितली नाही.

आत टेबलावरचा फोन वाजायला लागला. साहेबांपर्यंत बातमी गेली असणार. तो वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला. तिने उचलला नाही.

गर्दी पांगल्यावर काका आले. हातात चिमटा होता. भिंग लावून त्यांनी तो मोठा कागद पहिल्या अक्षरापासून वाचला, म्हातारीच्या ओळीशी जरा थांबले आणि पुढे वाचून संपवला.

"याची एक प्रत द्या," ते म्हणाले.

"एकच आहे, काका. छापलेलं नाही हे."

मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, चिमट्यातलं बुधवारचं पत्रक काढून उलटं केलं आणि पत्र्याला टेकवून सगळं उतरवून घ्यायला लागले. धक्क्याने पत्रा वाजत होता, आत फोन वाजत होता. तिला रडू येत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती. नाव लिहून झाल्यावर त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी मोठ्या कागदाचा खालचा कोपरा नीट पाहिला.

"तारीख राहिली, ताई. तुमच्या पत्रकावर नेहमी असते."

तिने पेन उघडलं, पण आज कितवी तारीख ते तिला काही केल्या आठवेना. काकांनी सांगितली. तिने लिहिली.

"वेळही घाला," मनगटाकडे बघत ते म्हणाले. "अकरा वाजून दहा."